आमच्या भुताला कोणी घाबरेना

आमच्या घरी भूत आलं ते सकाळी अकराला. गावात लाईट नव्हती आणि मोबाईलमध्ये चौदाच टक्के उरलेले, त्यामुळे भुताला रात्रीपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

भूत म्हणजे मी! फिल्मची स्टोरीपण माझीच. मेलेली आई भूत होऊन परत येते, कारण दोन पोरींनी घराचा उकिरडा केलाय. मग ती रागावत रागावत लेकींना भाकरी थापायला शिकवते. एकदम कॉमेडी! (आमची आई जाऊन दोन वर्षं झाली. उकिरडा खराच होता, सेट लावावा लागला नाही.)

ताई कॅमेऱ्यावर. पहिला टेक बघून म्हणाली, "भूत कुठंय यात? आईची साडी नेसलेली तू दिसतेस. तीपण धड नेसली नाहीस."

"मग काय करू?"

"तोंड झाक. फारच जिवंत आहे."

तोंड झाकायला घरात एकच वस्तू. माळ्यावरचा त्राटिकेचा मुखवटा! आमच्या मोखाड्याकडे बोहाड्यात देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात, आणि त्राटिकेचं सोंग आमच्या घराकडे. बाबा नाचायचे. वर्षभर शाळेत पोरांच्या वेलांट्या सुधारणारा माणूस, पण मुखवटा चढला की अख्खं गाव हलवायचा! आई गेल्यापासून मुखवटा माळ्यावर. बाबा आईचं नावच काढत नाहीत. आम्ही काढलं, की उठून गुरांना पाणी पाजायला जातात. (आमच्याकडे एकच गाय आहे. बिचारी दिवसाला वीस बादल्या पिते.)

खरं सांगू? फिल्म त्यासाठीच होती. बाबांना दाखवायची, ते हसतील, आणि एकदा तरी म्हणतील, तुझी आई अशी होती. बस, एवढंच.

तर, मुखवटा बांधला, केस मोकळे सोडले आणि ओट्यावर येऊन जी काय किंचाळले! समोर शेजारच्या जनीआत्या नागली वाळत घालत होत्या. त्या घाबरून पळणार, ताई शूट करणार, असा प्लॅन.

आत्या पळाल्या. घरात. आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन परत आल्या!

"आत्या, मी भूत आहे!"

"गप! सोंग कधी बोलतं काय?" असं म्हणून त्यांनी मुखवट्याला हे एवढं कुंकू फासलं.

(त्राटिका राक्षसीण आहे हो. पण आमच्याकडे मुखवटा चढला की आत देव. कोण आहे, ते विचारायचं नाही.)

मग आत्यांनी माझ्या उजव्या कानात सुनेची तक्रार सांगितली. पाच मिनिटांत सून आली, तिनं डाव्या कानात सासूची सांगितली! मागे अजून चार बाया. कोणीतरी नारळ फोडला. एक म्हातारा संबळ आणायला घरी पळाला. ताई इतकी हसत होती, की शूटिंगमध्ये सगळं तिच्या चपलांचंच आलंय.

आणि बाबांची गाडी आली. शनिवार! सकाळची शाळा! डोक्यातच नाही राहिलं!

बाबांनी मुखवटा बघितला. मग साडी बघितली. आता थोबाडीत बसणार, म्हणून मी मुखवट्याच्या आत गाल घट्ट केला. पण बाबांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"माय, दोन वर्षं तुला माळ्यावर ठेवलं. रागवू नको. तुझी मागची गाठ ती बांधायची. दुसऱ्यानं बांधली तं कानाला काचते. नाचताना मी तिच्याकडंच बघायचो. आता तिकडं नुसती गर्दी. तुला भेटली ती, तं सांग, पोरी भाकऱ्या करतात. नकाशासारख्या होतात. पण मी खातो."

मला 'बाबा' म्हणून हाक मारायची होती. पण सोंग बोलत नाही ना! मग मी रडले. डोळे कमी, नाक जास्त. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, आजोबांच्या वेळचा. आतून भिजला, भिजला, आणि त्राटिकेचं नाक टपकन बाबांच्या पायाशी पडलं!

सगळे वाकून नाकाकडे बघायला लागले.

"अगं बाय," जनीआत्या म्हणाल्या, "देवीला पडसं झालं!"

आणि बाबा हसले. पोट धरून, खाली बसून! नाक उचलून पुसलं आणि म्हणाले, "तुझी आईपण अशीच रडायची. आवाज नाही, नुसतं नाक."

दोन वर्षं वाट बघितली, आणि आईबद्दल कळलं ते हे! पण त्यानंतर बाबा संध्याकाळपर्यंत बोलतच होते. गाईला त्या दिवशी पाणी ताईनं पाजलं.

यंदा बाबा नाचणार आहेत. मी रोज गाठ बांधायची प्रॅक्टिस करते. "काचते," म्हणतात. सोडते, परत बांधते. "काचते."

मुखवट्याला नवीन नाकपण मीच बसवलं, रंग दिला, आणि मोठ्या ऐटीत जनीआत्यांना दाखवायला नेलं. त्यांनी एकदा त्राटिकेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"झ्याक जमलंय पोरी," म्हणाल्या, "पण स्वतःचा फोटो समोर ठेवायची काय गरज होती?"