डाव्या चाकाकडचा ठोका

राधानगरी रस्त्यावरच्या एका उतारावर, भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी प्रवाशांची मोटार ब्रेक लावताच डावीकडे ओढली गेली आणि दूध घालून परतणाऱ्या सायकलस्वाराला धडकली. तो जागीच मरण पावला. संस्थान विलीन होऊन तेव्हा तीन-चार वर्षे झाली असतील. ड्रायव्हरला अटक झाली आणि तपास माझ्याकडे आला. मी फौजदार होतो. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मिसळलेले नाही.

ड्रायव्हरने जबाबात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "फुडं डाव्या अंगाला ठोका व्हता साहेब. खड्डा आला की ठक् करायचं. बिरेक मारला की वढायची. मालकास्नी सांगितलं व्हतं."

मोटारीचे मालक शहरातले वजनदार व्यापारी होते. ते ठाण्यात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ठोका? गाडी लोण्यासारखी चालते. तुम्ही स्वतः बसून बघा की."

ठाण्याचे आवार लहान होते. जागेवर पंचनामा झाला की गाडी मालकाच्या हमीवर त्याच्याच ताब्यात द्यायची आणि तपासणीच्या दिवशी हजर करायला सांगायची, अशी तेव्हाची रीत होती. या गाडीचेही तसेच झाले. मोटार तपासनीस आले, रिकामी गाडी फिरवून पाहिली. आवाज आला नाही. यांत्रिक दोष नाही, असा अहवाल मिळाला. ड्रायव्हर खोटा ठरला. मृत्यूची सगळी जबाबदारी आता त्याच्या एकट्यावर येणार होती. त्याची बायको रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे.

खबर आमच्या जमादारांनी आणली. ते नव्या चपला घ्यायला गेले असता दुकानदार सहज म्हणाला, "जमादार, गॅरेजचा मिस्त्री मागल्या आठवड्यात तळाचं कातडं घेऊन गेला. म्या म्हटलं, मोटारी सोडून चपला शिवाय लागलास व्हय? तर हसला न्हाय, बोलला न्हाय."

मिस्त्री म्हणजे याच मालकाच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आणि मागला आठवडा म्हणजे तपासणीच्या आधीचे दिवस. मी तपासनिसांना पुन्हा बोलावले. त्यांना ते आवडले नाही, पण आले. या वेळी गाडी रिकामी न्यायची नाही, असे ठरवले. त्या रस्त्यावरच्या मोटारी रिकाम्या कधी धावतच नसत. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसे आणि मागे मिळतील तेवढी, अशी भरती असे. सकाळची हजेरी झाल्यावर शिपायांनाच गाडीत कोंबले.

"जमादारास्नी फुडं घ्या," एक शिपाई म्हणाला, "दोन पाशिंजरांची भरती हुईल."

"तू मागं टपावर बस," जमादार म्हणाले. "तुझ्या डोस्क्यात काय न्हाईच, वजन व्हायचं न्हाय."

त्याच उतारावर, पहिल्याच खड्ड्यात, डावीकडून ठोका आला. ब्रेक लावला तेव्हा पुन्हा आला आणि गाडी डावीकडे सरकली.

ठाण्यात आणून तपासनिसांनी चाक जॅकवर उचलून हलवले. ते घट्ट होते. गाडी खाली उतरवून शिपायांनी ती दाबून झुलवली. आवाज चाकाजवळून येतो असे कानाला वाटत होते. तपासनीस खाली शिरले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. पुढच्या डाव्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांची मागची पिन जिथे बसते, तिथे त्यांच्या हाताला धक्का लागला. पिन काढली. आतले बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची नळी, झिजून गेले होते आणि त्या जागी चामड्याची पट्टी गुंडाळलेली होती. रिकाम्या गाडीत ती ठोका दाबत होती. भार पडला की ती स्वतःच चेपत होती आणि ठोका ऐकू येत होता.

मिस्त्रीला बोलावले.

"जुनंच हाय की साहेब," तो म्हणाला. "दिवाळीत घातल्यालं."

मी पट्टी त्याच्या हातात दिली. बाहेरून तिला ग्रीस फासले होते, पण आतून ती तांबूस, कोरी होती. राधानगरीच्या चिखलात एवढे महिने राहिलेले चामडे तसे राहत नाही. तिला एरंडेलाचा वासही येत होता.

"मोटारीत एरंडेल कोण घालतो?"

त्याने पट्टी नाकाशी नेली. "नवी चप्पल चावू नये म्हणून लावतो न्हवं का साहेब, तसंच लावलं. कातडं हातात आलं की हात त्येलाकडंच जातो." मग म्हणाला, "मालक म्हणालं, आवाज तेवढा बंद कर. तपासणीपुरता."

तसा जबाब झाला. मालकावर पुरावा नष्ट केल्याचा आरोप ठेवला. त्या दिवशी ड्रायव्हरच्या बायकोला मी घरी जायला सांगितले, 'आता बघू' असा धीर दिला.

कोर्टात मिस्त्रीने जबाब फिरवला. चामडे आपणच, कुणाच्या सांगण्यावाचून घातले, असे सांगितले. दोष मात्र सिद्ध झाला होता. मग मॅजिस्ट्रेटांनी ड्रायव्हरला विचारले, "ठोका अपघाताआधीपासून होता?"

"व्हय."

"तुला माहीत होता?"

"व्हय."

"तरी भरलेली गाडी उतारावर नेलीस?"

"म्या न्हाय नेली तर दुसरा नेईल, असं मालक म्हणालं व्हतं."

त्याचा शब्द खरा ठरवण्यासाठी आम्ही जे शोधले, त्यातूनच त्याला दोष ठाऊक होता हेही ठरले. पुरावा कुणाच्या बाजूने शोधला, हे पुराव्याला माहीत नसते. एवढे मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढे नोकरीभर कुणालाही 'आता बघू' म्हणालो नाही.

मालक संशयाचा फायदा मिळून सुटले. ड्रायव्हरला शिक्षा झाली, यांत्रिक दोष लक्षात घेऊन कमी झाली. ती त्याने कळंब्याच्या तुरुंगात भोगली. मोटारीला नवी पिन आणि नवे बुश बसवण्यात आले. ती तपासणीत पास झाली आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती राधानगरी रस्त्यावर पुन्हा सुरू झाली.