चंपतराव सरांचं खरं वाक्य

सदर भागात दुसऱ्या माळ्यावर चंपतराव सरांची इंग्रजी बोलायची शिकवणी आहे. सकाळी मी तिथं जाते, मग रामदासपेठेत दातांच्या दवाखान्यात ड्युटीले. सर म्हणजे अजब माणूस. आठवडाभर एकच क्रियापद घेतात, त्याचे सारे अर्थ घोटून घेतात. नियम एकच, वाक्य आपल्या आयुष्यातलं पाहिजे अन् खरं पाहिजे. आमच्या वर्गातल्या शोभाताईनं 'मी जपानले जाऊन आली' असं ठोकून दिलं, तर तिले आठवडाभर मागच्या बाकावर बसवलं.

मागच्या महिन्यात 'गिव्ह अप' आलं. हार मानणं, दुसऱ्याले आपली जागा देणं, सवय सोडणं. सवयीचं उदाहरण तर फळ्याच्या कोपऱ्यात पंधरा वर्षांपासून ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'आय गेव्ह अप खर्रा.' अन् सर ते वाचून दाखवून राहिले होते, गालात सुपारी-तंबाखूचा तोच खर्रा कोंबून. पोरी माना खाली घालून हसत होत्या.

मले रागच आला. कारण सोमवारी सर आमच्या दवाखान्यात खुर्चीवर होते. तोंड किती उघडते ते पाहायले डॉक्टरनं तोंडात तीन बोटं उभी घालायले सांगितली, दोनच गेली. असाच खर्रा चालला तर वर्षभरात एकही जाणार नाही, म्हणाले. ज्याचं पोट तोंडावर चालते, त्या माणसानं जिना उतरून पहिले काय केलं, तर पुडी फोडली. मी खिडकीतून पाहिलं बाप्पा.

दवाखान्यातलं वर्गात बोलता येत नाही. नियमाचं तर येते. मी हात वर केला.

"सर, वाक्य खरंच पाहिजे ना?"

"पाहिजेच."

"मग ते कोपऱ्यातलं काहून लिहून ठेवलं?"

सरांनी कोपऱ्यातल्या पेंटवर नख घासून पाहिलं. मग म्हणाले, "बस वं मिनल."

दुसऱ्या दिवशी पेंट ब्लेडनं खरवडलेला होता. तिथं खडूनं लिहिलं होतं, 'आय गेव्ह अप खर्रा वन डे अगो.' मग रोज आकडा बदलू लागला. दहाव्या दिवशी शोभाताईनं पेढे आणले. काल सोळा होते.

आज शिरली तर तिथं पुन्हा 'वन डे अगो'. सतरा लिहिलं असतं तर कोण तपासणार होतं? कोणी हसलं नाही. सरांनी खडू ठेवला, तोंड उघडेल तेवढं उघडलं अन् म्हणाले, "चला, आपापलं वाक्य सांगा. खरं सांगा."