गाळलेला उंदीर

राईस मिलमध्ये दिवाणजी असलेल्या माणसाला उंदराचं कौतुक कुठून असणार? आमचं निम्मं आयुष्य पोत्यांमागे काठी आपटण्यात गेलं. त्यामुळे मुलगी बंगलोरला संशोधनाला गेली आणि उंदराच्या मेंदूवर काम करते म्हणाली, तेव्हा लोकांना सांगताना मी उंदीर तेवढा गाळून टाकला.

बाकी सगळं बरोबर सांगायचो. केसाहून बारीक कार्बनचा तंतू मेंदूत घालायचा, विजेचा दाब झर्रकन वरखाली करायचा. डोपामिन नावाचं रसायन तंतूपाशी आलं की इलेक्ट्रॉन सोडतं, आणि त्या एवढ्याशा प्रवाहावरून ते किती आहे ते कळतं. कंपवातात हेच कमी पडतं, हेही वर जोडायचो. दवनीवाड्याला एका लग्नात मांडवात बसून मी हे रंगवत होतो. शेजारी मोठा भाऊ. त्याला कंपवात. घास तोंडापर्यंत जाईतो अर्धा भात धोतरावर. त्याने एवढंच विचारलं, "पोरगी कधी येते?"

पोरगी दिवाळीला आली. दुसऱ्याच सकाळी तिरोड्याच्या गाडीने भाऊ दारात हजर. टोपी काढली, तर डोकं तुळतुळीत.

बायको घाबरली. "भाऊजी, कोण गेलं?"

"कोणी नाही. गाडीतबी सारे तेच पुसून राहिले होते." तो हसला. "डोक्यात तार टाकाची आहे ना? मंग केस कायले मधात? गोळ्याबी बंद केल्या. मशिनीले साफ दिसलं पायजे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही मोठे बाबांना काय सांगितलं?"

"सांगा ना," बायको म्हणाली. "आता उंदराचंही सांगा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

सांगितलं शेवटी मुलीनेच, त्याच्याजवळ खाली बसून. "मोठे बाबा, आमचं काम उंदरांवर चालतं. त्यात फक्त मोजता येतं, बरं करता येत नाही. आणि गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. आधी डॉक्टरांना फोन लावू."

भावाने डोक्यावरून हात फिरवला. हात इतका हलत होता की डोकं कुरवाळतोय की चापट्या मारतोय, कळेना.

मग माझ्याकडे वळला. "मांडवात काऊन नाही बोलला, उंदराचं आहे म्हणून?"

चार लोकांत मला उंदराची लाज वाटली होती, आणि त्यापायी हा माणूस मुंडण करून, गाडीभर लोकांचं सांत्वन ऐकत आला होता.

डॉक्टरांनी फोनवर मुलीला रागावून गोळी लगेच सुरू करायला सांगितली. मुलीने त्याच्याच पिशवीतली गोळी काढून त्याच्या जिभेवर ठेवली. पेला त्याला धरवेना, म्हणून मी धरला. पाणी त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

घोट गिळून भाऊ म्हणाला, "लहान्या, तुयाबी हात हालून राहिला."