गुलाबी फिरकी
मांडवीतून येताना पतंगाची दोरी रंगवणाऱ्यांच्या काच कालवलेल्या खळीचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. चौथीत होते तेव्हा उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या आधी आमच्या वर्गाच्या बाई, बेन, ग्रहांचा धडा बाजूला ठेवून, बुटाच्या खोक्यात मांजाने पंख चिरलेलं कबुतर घेऊन वर्गात आल्या. "संध्याकाळी पाखरं घरी निघतात आणि आपण आभाळात काच सोडतो. फिरक्या शाळेत जमा करा," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मी बाबांशी भांडून मांजा गुंडाळलेली माझी गुलाबी फिरकी शाळेत जमा केली. बाबांनी समोर उभं राहून दोरी रंगवून घेतली होती आणि दांड्यावर मी आईच्या नेलपॉलिशने चांदणी काढली होती. उत्तरायणाला आत्याच्या गच्चीवर मी नुसती चिक्की चघळत बसले. भाऊ चिडवत होते, तरी उठले नाही. ऊन उतरलं, पाखरं परतायला लागली आणि अगदी लगतच्या गच्चीवरून ओळखीच्या आवाजात पतंग कापल्याची आरोळी आली, "काप्यो छे!" बेन पतंग उडवत होत्या आणि त्यांच्या मुलाने धरलेल्या फिरकीवर माझी चांदणी होती. मी कठड्याशी धावत जाऊन ओरडले, "बेन, ती माझी आहे!" त्या हसून म्हणाल्या, "अगं, इतकी छान दोरी, फेकून थोडीच द्यायची!" काल माझी मुलगी पक्ष्यांबद्दल सांगत शाळेतून आली आणि जमा करायला फिरकी मागू लागली. दिली, पण आधी ब्लेड फिरवून दोरीचे बोटभर तुकडे केले.