ना वाढदिवसाचा, ना श्रद्धांजलीचा

मुकुंदवाडीत माणसाचा फोटो मोठा व्हायचे प्रसंग दोनच. एक वाढदिवस, दुसरं मरण. दोन्ही वेळेला चौकात फ्लेक्स लागतो आणि दोन्ही वेळेला खाली शंभर जणांची नावं असतात. फरक एवढाच, की वाढदिवसाच्या बोर्डासमोर माणूस स्वतः उभा राहून सेल्फी घेतो.

कारभारी औताडेवर एकोणपन्नास वर्षांत यातला एकही प्रसंग आला नव्हता. मरण अजून लांब होतं, आणि वाढदिवस म्हणाल तर शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं एक जून लावून दिलेला. एक जूनला अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस असतो, बोर्ड कुणाकुणाचे लावायचे?

तर हा कारभारी वाळूजच्या एका कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत होता. तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, डोळ्यासमोर धरायचा, मापायचा, आणि बरा नसला तर बाजूला ठेवायचा. घरीसुद्धा बायकोनं भाकरी ताटात टाकली की हा आधी तिची कड बघायचा, असं गल्लीतल्या बाया सांगतात. दिवाळीनंतर कंपनीनं नोटीस बोर्डावर कागद लावला. प्लांट दुसऱ्या राज्यात चालला, महिनाअखेर शेवटची पाळी. कारभारीनं ही बातमी फक्त लक्ष्मीबाईला सांगितली, तीही दार लावून. संध्याकाळी नळाला पाणी आलं तोवर सगळ्या गल्लीला ठाऊक झालेलं.

सगळ्यात वाईट काय, तर माणसं विचारेनात. समोरून आलं की हळूच बाजूला बघायची, आजाऱ्याच्या घरी गेल्यासारखी. कारभारीला झोप लागेना. सकाळी साडेपाचला उठून डबा घेऊन बाहेर पडायचं नाही, तर मग दिवसभर करायचं काय, हेच त्याला कळत नव्हतं.

पोरगी अमृता नर्सिंगला होती. तिनंच मोबाईलवर शोधून काढलं. शेंद्र्याला नवीन कंपनी, क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजेत, भरती एजन्सीमार्फत, फॉर्म शनिवारपर्यंत. घरापासून वीस मिनिटं. बावीस वर्षं अख्खं शहर ओलांडून वाळूजला गेलेल्या माणसाला हे म्हणजे अंगणातच झालं. सगळं भरून झालं आणि शेवटच्या रकान्यात गाडी अडली. प्रोफेशनल हेडशॉट.

"म्हणजे काय ग?"

"खांद्यापासून वर, पप्पा. फॉर्मल शर्ट, मागं साधी भिंत. स्टुडिओतला पाहिजे. आधारवरचा चालणार नाय."

"आधारवरचा कुठंच चालत नाय," लक्ष्मीबाई चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, म्हणाली. "त्यात तुम्ही फरार दिसता."

आता फोटोग्राफर कोणता, हा प्रश्न खरं तर पडायलाच नको होता. स्टेशनच्या रस्त्याला चांदपाशाचा स्टुडिओ आहे. कारभारीच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले, अमृताच्या बारशाचे त्यानं काढले. पण कोरोनाच्या दोन वर्षांत लग्नं बंद पडली आणि चांदपाशाच्या हातात एकच काम उरलं. लोक रडत यायचे, मोबाईलमधला कुठला तरी अंधुक फोटो दाखवायचे, आणि चांदपाशा त्यातून माणूस काढून द्यायचा. कुणाच्या हळदीच्या गर्दीतून, कुणाच्या जावळाच्या पंगतीतून. ते काम त्याला असं जमलं, की पुढं लग्नं सुरू झाली तरी मुकुंदवाडी त्याच्याकडं फक्त श्रद्धांजलीलाच जायला लागली.

"तिथं जायचं नाय," लक्ष्मीबाईनं निकाल दिला. "कडूबाअण्णांनी पेन्शनच्या कागदाला श्रावणात तिथं फोटो काढला. दसऱ्याला चौकात बोर्ड."

"अगं, अण्णा शहाऐंशी वर्षांचे होते."

"मग? पंच्याऐंशी वर्षं काय झालं नाय ना त्यांना?"

कारभारीनं हा हिशोब मनातल्या मनात दोनदा तपासला, चूक सापडली नाही. शिवाय खरं सांगायचं तर तिथं जायला त्याचंही मन धजत नव्हतं. एरवी तो असल्या गोष्टींना हसला असता. पण पायाखालची जमीन हलत असली की माणूस मांजर आडवं गेलेलंही मोजतो.

मग गारखेड्यातल्या सुयशचं नाव पुढं आलं. सुयशचा स्टुडिओ काचेचा, आत एसी, भिंतीवर शहरातले सगळे होऊ घातलेले पुढारी. गुरुवारी कारभारी इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून निघाला. रस्ता नेमका चांदपाशाच्या दुकानावरून.

"ओ कारभारीभाई! शर्ट लेके किधर?"

"इस्त्रीला," कारभारी म्हणाला.

चांदपाशानं त्या कडक घडीकडं बघितलं. कारभारी गारखेडा येईस्तोवर स्वतःशीच चडफडत राहिला. खोटं बोलायचं तर निदान माप बघून तरी बोलावं.

सुयशनं विचारलं, "काका, कसा पाहिजे?"

"एकदम प्रोफेशनल," कारभारी म्हणाला. घोटाळा झाला तो इथंच. सुयशच्या धंद्यात प्रोफेशनल म्हणजे काय, हे त्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. त्यानं कारभारीला बिनबाह्यांचं जाकीट चढवलं. हात जोडून एक काढला, कानाला मोबाईल लावून लांब बघताना एक काढला, छातीवर हाताची घडी घालून चार काढले. मग कॉम्प्युटरवर बसून केस काळे केले, मिशी भरली, गाल गोरे केले आणि डोक्यामागं हलकासा उजेड सोडला.

कारभारीनं तो फोटो बराच वेळ बघितला. पार्ट असता तर त्यानं बाजूला ठेवला असता. पण काचेच्या दुकानातल्या माणसाला हे सांगायचं कसं?

"जरा जास्त नाय ना झालं?"

"काका, लोकांनी बघून म्हटलं पाहिजे, माणूस आहे!"

हाताच्या घडीवाला निवडला. अमृतानं नाक मुरडलं, पण पप्पांचा उतरलेला चेहरा बघून तोच पाठवला. लक्ष्मीबाई मात्र खूश. "बोर्डाला लावण्यासारखा आलाय," म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एजन्सीतल्या मॅडमचा फोन आला.

"सर, एक विचारू का? आपण युनियनमध्ये होता का?"

कारभारीला वाटलं, कानात दडा बसला. "नाय मॅडम. कधीच नाय."

"किंवा पॉलिटिक्स वगैरे? नाही, फोटो बघून कंपनीवाले म्हणाले, हे गृहस्थ कुणीतरी लीडर दिसतात. तुमची फाईल बाजूला ठेवली आहे."

फोन कानाला तसाच, आणि कारभारीला आठवला तेरा वर्षांपूर्वीचा संप. सगळे गेटबाहेर बसलेले. ह्याच्या घरात आई आजारी, म्हणून हा मान खाली घालून त्यांच्या मधून आत गेला होता. पुढं वर्षभर कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. एक शिवराज म्हणून होता, तो तर तोंडावर म्हणायचा, "औताडे, तुझ्या पाठीला कणा बसवून घे." आणि आता त्याच पाठीला जाकीट चढवून कारभारी पुढारी झाला होता.

"मॅडम, मी नाय हो तसला."

"माझा विश्वास आहे सर. तुम्ही असं करा, साधा फोटो पाठवा. उद्या पाचच्या आत. मी परत दाखवून बघते."

शनिवारी सकाळी शेवटच्या पाळीच्या कागदांवर सही करायला वाळूजला जावं लागलं. परतेस्तोवर तीन वाजले. गारखेड्याला जायला पाय उचलेना. कारभारी अंगावरच्या शर्टानिशी चांदपाशाच्या दारात उभा राहिला. आत चांदपाशा एका म्हातारीच्या फोटोला हार चिकटवत होता, कॉम्प्युटरवर.

"झाली इस्त्री?" मान वर न करता चांदपाशानं विचारलं.

कारभारीनं सगळं सांगितलं. शर्टाचं, बायकोचं, कडूबाअण्णांचं, जाकिटाचं, युनियनचं. चांदपाशा ऐकत गेला, आणि युनियनचं आलं तेव्हा खुर्चीत मागं टेकून इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाला.

"भाभी क्या गलत बोली? महिना हो गया, जिता माणूस इस कुर्सी पे नाय बसला. बसा."

कारभारी बसला आणि लाकूड झाला. हनुवटी वर, खांदे कानाला. चांदपाशानं एक काढला, दोन काढले, सहा काढले.

"अरे मियाँ, श्वास तो घे. माझं मेलेलं गिऱ्हाईक तुझ्यापेक्षा सैल असतं."

"मला जमत नाय चांदभाई. चार वाजले."

चांदपाशानं कॅमेरा खाली ठेवला. टेबलाखालून एक नवी फोटोफ्रेम काढून कारभारीच्या हातात दिली. "हे बघ जरा. कालच माल आला. मला वाटतंय कोपरा बसत नाय, मालवाला म्हणतो बसतो."

कारभारीनं फ्रेम घेतली. डोळ्यासमोर धरली, तिरकी केली, उजेडाकडं वळवली. सांध्यावरून अंगठा फिरवला. खांदे आपोआप खाली आले.

"डावीकडं वरचा कोपरा," तो म्हणाला, "एक एमएम उघडा आहे. परत पाठवा." आणि हे सांगायला त्यानं वर बघितलं.

तेवढ्यात खटका दाबला गेला.

केस पांढरे ते पांढरेच ठेवले. गालावरचा देवीच्या खुणेसारखा वण ठेवला. फ्रेम खालून कापली गेली, नजर तेवढी राहिली. फोटो पावणेपाचला मॅडमना गेला. घरी अमृतानं तो आईपुढं धरला. लक्ष्मीबाईनं डोळ्याला पदर न लावता, नाव न ठेवता, लई वेळ बघितला.

"तुम्ही कंपनीत असे दिसता व्हय?" तिनं विचारलं. "दिसायचो," कारभारी म्हणाला. कंपनी तर आज सकाळीच संपली होती.

चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी शेंद्र्याला बोलावणं आलं. टेबलापलीकडच्या साहेबानं दोन्ही फोटो छापून शेजारी शेजारी ठेवले होते.

"यातले तुम्ही कोण?"

कारभारीनं पांढऱ्या केसांवर बोट ठेवलं.

"मग हे कोण?"

"ते गारखेड्यात काढले, साहेब."

साहेब हसला. मग त्यानं पाच-सात प्रश्न विचारले, मापांचे, गेजचे, नाकारलेल्या मालाचे, आणि कारभारीनं न अडखळता उत्तरं दिली. शेवटी साहेब म्हणाला, "काम येतं तुम्हाला. पण कायम नाही देता येणार. वय बघता एजन्सीच्या हजेरीवर घेतो, सहा महिने. पुढचं पुढं."

बावीस वर्षांनंतर सहा महिने. कारभारीला वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण डोक्यात दुसरीकडं साडेपाचचा गजर वाजत होता. तो "हो साहेब" म्हणाला आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण होकार दिला.

सोमवारी गेटवर ओळखपत्राची रांग होती. कारभारीनं खिशातून चांदपाशाचा फोटो काढला, चार प्रती, पाकिटात घालून आणलेल्या.

"ते ठेवा काका," खिडकीतला रक्षक म्हणाला. "इथंच निघतो. हिकडं बघा."

कॉम्प्युटरवर चिकटवलेला बोटाएवढा कॅमेरा. कुठं बघायचं ते कळायच्या आत लाल दिवा लागला आणि विझला. कार्ड गरमगरम बाहेर आलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंड काहीतरी विचारायला उघडलेलं.

"भाऊ, दुसरा काढा की. हा लई बेकार आलाय."

"मागं लाईन आहे काका. चला."

कारभारीनं कार्ड गळ्यात अडकवलं. चालता चालता ते हातात धरून सवयीनं डोळ्यासमोर नेलं. चेहऱ्याच्या खाली बारीक अक्षरात तारीख होती, कार्ड कधी बंद होणार त्याची. ती त्यानं दोनदा वाचली आणि आत गेला.