भैरूआप्पा मशीन का थांबवतात

न्हावऱ्याचे भैरूआप्पा आमच्या रांजणगावच्या कंपनीत नऊ वर्षं पत्र्याला आकार देणारी प्रेस चालवतात. वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. आप्पा कारेगावात खोली करून राहतात. बोलणं इतकं कमी, की त्यांच्याशी गप्पा मारायला बसलेला माणूस स्वतःच कंटाळून उठतो. मी सुमित, मूळचा पाटसचा, त्यांच्या शेजारच्या प्रेसवर.

कागदावर मात्र आप्पांइतका वाईट कामगार नाही. मशीन बंद राहण्याची वेळ सगळ्यात जास्त त्यांचीच. सुपरवायझर गेल्या वर्षी तळाचा शेरा देऊन मोकळा झाला. यंदाही तोच पडला, तर एप्रिलमध्ये कंत्राट संपल्यावर आप्पांना पुन्हा घेणार नव्हते. पंचेचाळिशीतल्या माणसाला दुसऱ्या कंपनीच्या गेटवर कोण विचारतो?

यंदा एचआरच्या प्रगती मॅडमनी नवीनच काढलं. प्रत्येकाबद्दल त्याच्या तीन सोबत्यांनीही लिहायचं, आणि सुपरवायझरच्या शेऱ्याबरोबर तेही बघितलं जाणार. आम्ही काय केलं? जेवणाच्या सुट्टीत ठरवलं, सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा. आपल्या माणसाबद्दल कागदावर वाकडं लिहायचं नाही, ही आमची रीत. आमच्यातल्या पप्पूचं अक्षर बरं, म्हणून आम्हा सात जणांचे एकवीस फॉर्म त्यानेच भरले. एकवीस वेळा 'स्वभाव चांगला आहे'. शहाणेच आम्ही!

गुरुवारी दीड वाजता मॅडमनी गठ्ठा आमच्यापुढे आपटला. "हे सगळं बाद. दोनपर्यंत नवीन द्या. एक घडलेला प्रसंग आणि एक उणीव. नाहीतर सुपरवायझरचाच शेरा धरला जाईल."

"म्हंजी आप्पा गेलंच," पप्पू पुटपुटला.

प्रसंग माझ्याकडे होता, आणि तो माझ्याच चुकीचा होता.

आमच्या जुन्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आत सापडत नाही. दिवाळीआधी टार्गेटच्या घाईत मी एका बटणात लाकडी पाचर ठोकली होती आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवत होतो. आप्पा स्वतःचं मशीन सोडून आले, माझं बंद केलं, पाचर उपटून काढली. "हात गेल्यावर टार्गेट कुणाला देतूस रं?" एवढंच म्हणाले. पुन्हा सगळं लावण्यात वीस मिनिटं गेली. ती मशीन थांबवणाऱ्याच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर लागली, आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

हे लिहायचं म्हणजे स्वतःच्या सहीने कबुली द्यायची. माझं कंत्राटही एप्रिललाच संपत होतं. दोनला दहा मिनिटं कमी. मला आप्पांचाच राग आला. तेव्हाच सांगून टाकलं असतं, तर ही पाळी आली असती का?

तोच राग मी उणिवेच्या रकान्यात उतरवला. 'चूक दिसली की मशीन थांबवतात, पण का थांबवलं ते वर सांगत नाहीत. त्यात त्यांचं नुकसान होतं आणि चूक करणारा सुटतो.' वरच्या रकान्यात तो प्रसंग लिहिला. पाचर कोणाची, तेही लिहिलं. पप्पूने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून आप्पांबरोबरचा स्वतःचा प्रसंग लिहायला घेतला.

सोमवारी मॅडमनी आप्पांना आणि मला सुपरवायझरसमोर बोलावलं. आप्पांबद्दलचे तिन्ही कागद मोठ्याने वाचले. तिन्हींत आप्पांनी दुसऱ्याचा हात वाचवायला मशीन थांबवलेलं. सुपरवायझरचा चेहरा पडला. "बदलतो शेरा," तो म्हणाला. मला मेमो मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता.

आप्पा कौतुकाला हललेही नाहीत. माझी उणिवेची ओळ तेवढी त्यांनी पुन्हा वाचायला लावली. आता मला झापणार, असं वाटलं.

"खरं हाय," ते म्हणाले. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा, कुणी न विचारता, सुपरवायझरकडे वळले. "सायेब, चार नंबरच्या प्रेसची हात अडवायची जाळी मोडलीया. म्या तीनदा बंद केली, तीनदा कुणीतरी चालू केली. आत्ता तिथं पप्पू हाय. आधी ती थांबवा, माझं मागनं बघा."

सुपरवायझर खुर्ची सारून धावत सुटला. आम्ही त्याच्या मागे पळालो.