बुचावरची पिवळी रेघ

ती लाल गाडी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. गेल्या महिन्यात आमचे चालक हवालदार वारले, तेव्हापासून तर ती रोज आठवते. ते प्रकरण त्यांनीच उलगडले. मी कागद केले.

तेव्हा मी डहाणू पोलीस ठाण्यात होतो. नरपडच्या एका चिकू बागायतदाराच्या मुलाने जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. आशागडच्या अलीकडच्या ओल्या वळणावर तिचा मागचा भाग घसरला आणि ती झाडावर आदळली. मुलगा बेशुद्ध होता. वडिलांनी फिर्याद दिली की, आशागडच्या मिस्त्रीने डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळे फिरू देणाऱ्या पेटीत, चुकीचे तेल भरले. तेव्हापासून गाडी वळताना कुरकुरत होती.

दुपारी निनावी फोन आला. मिस्त्री सीमेवरच्या झाईला गुजरातच्या बसची वाट पाहत उभा आहे. आम्ही त्याला तिथूनच आणला. तोवर ठाण्याच्या फाटकाशी नरपडची माणसे जमली होती. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, असा वरून निरोप होता.

"पळालास का?" मी विचारले.

"गॅरेजवर मारायला आले होते, साहेब. थांबलो असतो तर तुम्हांला माझाच पंचनामा करावा लागला असता."

"तेल कुठलं घातलंस?"

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. पातळ असतं, पण ह्या पेटीत प्लेटा आहेत, त्यांना तेच लागतं. नवं तेल प्लेटांत मुरेपर्यंत जरा आवाज येतो. मैदानात गाडीनं सावकाश आठचे आकडे काढ, असं पोराला सांगितलं होतं."

"पुरावा?"

त्याने फाटकाकडे पाहिले. बाहेर कोणीतरी फाटक हलवत होते. मग तो म्हणाला, "तेल भरलं की बुचावर पिवळी रेघ मारतो मी. बुचापासून पेटीवर, सरळ. कोणी उघडलं तर रेघ जुळत नाही."

जप्त गाडी आवारातच होती. पंचांसमोर तिची मागची बाजू उचलली. हवालदार गोणपाटावर आडवे होऊन टॉर्च घेऊन खाली सरकले. बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"साहेब, रेघ तुटलीय."

त्यांनी बुचाखाली बाटली धरली. नमुना सीलबंद झाल्यावर बोटांना राहिलेले तेल त्यांनी चोळले. "हे जाड आहे. ट्रॅक्टरचं. ह्यानं प्लेटा चिकटतात. वळणावर दोन्ही चाकं एकत्रच फिरायला बघणार, मग ओल्या रस्त्यात मागचा भाग घसरणारच." पुढे तपासणी अहवालही तेच म्हणाला.

मी वडिलांना आत बोलावले. हवालदारांनी दार लोटून घेतले.

"काका, तुमच्या ट्रॅक्टरचं तेल कोण बदलतं?"

"मीच. तीस वर्षं." एवढे बोलून ते माझ्या टेबलावरच्या बाटलीकडे पाहत राहिले. "पाण्यासारखं होतं हो मिस्त्रीचं तेल. पोरगा वाळूत गोल गोल गाडी फिरवत होता, आवाज थांबेना. मला वाटलं, मिस्त्रीनं फसवलं पोराला. पोरगा वापीला गेला तेव्हा मीच बदललं. चांगलं, जाड घातलं. अपघात झाला तेव्हा वाटलं, त्याच्या तेलानं पेटी आधीच बिघडली असणार, म्हणून फिर्याद दिली."

त्यांनी तसाच जबाब लिहून घ्यायला लावला. एक शब्द मऊ करू दिला नाही. मग फाटकाशी जाऊन स्वतःच लोकांना म्हणाले, "घरी जा. चूक माझी आहे."

मिस्त्रीला सोडताना त्याने एवढेच विचारले, "पोरगा शुद्धीवर आला का?"

तिसऱ्या दिवशी पोरगा शुद्धीवर आला. मी इस्पितळात जबाब घ्यायला गेलो. त्याला काहीच सांगितलेले नव्हते. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "तेल मीच बदललं, साहेब. ट्रॅक्टरचं घातलं. बाबांना ह्यातलं काही माहीत नाही."

वडिलांनी कबूल केल्याचे सांगितल्यावर खरे बाहेर आले. अंगणात सांडलेले ट्रॅक्टरच्या तेलाचे थेंब त्याने ओळखले होते. वडिलांना कळू न देता तेल पुन्हा बदलून घ्यायलाच तो आशागडला निघाला होता.

नोकरीत मी दोष दुसऱ्यावर ढकलणारे जबाब गठ्ठ्यांनी लिहिले. एकच दोष अंगावर ओढून घेणारे दोन जबाब एकाच फाईलमध्ये तेवढे एकदाच लागले. खोट्या जबाबाचाही आदर वाटू शकतो, हे त्या दिवशी शिकलो.

परतताना हवालदारांना ते सांगितले. त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि पुढे आशागडच्या वळणावर वेग अगदी कमी केला.